निर्वातपंपाची सुरक्षित जोडणी : एका सूचनापत्रकाचा पूर्वेतिहास

गेल्या पावसाळ्यात पदार्थविज्ञानाच्या एका स्नेही अध्यापकांनी प्रस्तुत लेखकाकडे एक काम सोपविले. त्यांच्या प्रयोगशाळेत नवा निर्वातपंप आला होता, आणि तो काचेच्या जुन्या मांडणीस जोडताना घ्यावयाच्या दक्षतेचे एक इंग्रजी पत्रक यंत्रासोबत होते. प्रयोगशाळेतील परिचरांसाठी त्याचा मराठी पाठ हवा होता. पत्रक अवघे दोन पृष्ठांचे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हे दोन दिवसांचे काम, अशा समजुतीने ते स्वीकारले. प्रत्यक्षात त्याला दोन महिने लागले. विलंबाचे कारण परिभाषेची उणीव हे नव्हे. एका परिचराने विचारलेला प्रश्न हे त्याचे कारण होय.

झाले होते ते असे. काही दिवसांपूर्वी त्याच प्रयोगशाळेत जुना पंप चालू असताना वीज गेली. पंप थांबला, परंतु मांडणीशी असलेली त्याची जोडणी तशीच उघडी राहिली. अर्ध्या तासाने पाहतात तो पंपातील काळपट तेल रबरी नळीतून वर चढून काचेच्या मांडणीत सर्वत्र पसरलेले. पुढचा आठवडा धुण्यात गेला. त्या संदर्भात परिचराने विचारले, "लाइट गेल्यावर पंप बंदच होता ना, सर? मग तेल ओढलं कोणी?"

हा प्रश्न व्याकरणाचा आहे, हे प्रस्तुत लेखकाच्या लगेच ध्यानात आले नाही. 'ओढणे' या क्रियापदाला कर्ता हवा, आणि तो कर्ता पंप होय, असे आपण सर्वच गृहीत धरतो. पंप चालू असेल तेव्हा ओढतो, बंद असेल तेव्हा ओढत नाही. म्हणून बंद पंप निरुपद्रवी. पत्रकातील दहा सूचनांपैकी निदान सहा सूचना याच समजुतीविरुद्ध लिहिल्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीमागे कोणाच्या तरी प्रयोगशाळेत घडलेला एक दीर्घ इतिहास आहे. बिघाड होतो तो बहुधा पंप बंद झाल्यावर. कारण खरा कर्ता पंप नसून बाहेरची हवा आहे, आणि ती कधीच बंद होत नाही.

शब्दांपासूनच आरंभ करणे इष्ट. 'निर्वात' हा शब्द आज आपण वायुरहित अशा अर्थी वापरतो. संस्कृतात 'निवात' आणि 'निर्वात' या शब्दांचा रूढ अर्थ जेथे वारा वाहत नाही असे, आडोशाचे स्थळ, असा आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील दीपाच्या दृष्टांतात हाच अर्थ अभिप्रेत आहे : वारा नाही म्हणून ज्योत स्थिर. रॉबर्ट बॉइलने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचपात्रात जळती मेणबत्ती ठेवून हवा काढली, तेव्हा ज्योत स्थिर न होता विझली. एकाच शब्दाच्या जुन्या आणि नव्या अर्थांतील अंतर मोजावयाचे असेल, तर या दोन ज्योतींमधील अंतर मोजावे. 'ओढणे' आणि 'शोषणे' यांची गोष्ट मात्र उलट आहे. तेथे वस्तुज्ञान बदलले आणि शब्दाचा अर्थ तेथेच राहिला. नळीने शहाळ्याचे पाणी पिणारा मनुष्य 'पाणी ओढतो' असेच म्हणणार. वस्तुतः तो तोंडातील हवेचा दाब थोडा कमी करतो, आणि शहाळ्यातील पाण्याच्या पृष्ठभागावर बसलेली बाहेरची हवा ते पाणी नळीतून वर ढकलते. सृष्टीला पोकळीचा तिटकारा आहे आणि ती भरून काढण्यासाठी पदार्थ धावतात, ही युरोपात ॲरिस्टॉटलच्या परंपरेतून आलेली कल्पना आपल्या 'ओढणे'मध्ये आजही नांदते आहे. आणि आपण ती ॲरिस्टॉटलकडून घेतली असेही नव्हे. दैनंदिन अनुभवातून ती कोणत्याही भाषेत आपोआप उपजते.

तिला पहिला मोठा धक्का दिला तो एव्हांजेलिस्टा टॉरिचेल्ली याने. एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या वाटीत उलटी उभी केली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. ११ जून १६४४ रोजी मिकेलान्जेलो रिच्ची यास लिहिलेल्या पत्रात त्याने याचे कारण सांगितले : वरची पोकळी पाऱ्याला ओढून धरीत नाही, वाटीतील पाऱ्यावर पडलेला हवेचा भार त्याला वर धरून ठेवतो. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, ही कल्पना त्याचीच. पुढे १६४८ मध्ये पास्कालचा मेहुणा पेरिए हा नळी घेऊन प्यूई द दोम हा डोंगर चढला आणि माथ्यावर पारा उतरलेला आढळला. समुद्राच्या तळापासून वर गेल्यास पाणी कमी व्हावे, तसेच हे.

टॉरिचेल्लीजवळ पंप नव्हता. तो ऑटो फॉन गेरिके याने सिद्ध केला. गेरिके हा जर्मनीतील माग्डेबुर्गचा नगराध्यक्ष, शिक्षणाने अभियंता. १६३१ साली तीस वर्षांच्या युद्धात ते नगर जाळून उद्ध्वस्त झाले. त्याच्या पुनर्रचनेच्या धकाधकीतच त्याने हे प्रयोग केले. त्याचे पहिले यंत्र म्हणजे आग विझविण्यासाठी वापरतात त्या धर्तीची पितळी पिचकारी. मराठी वाचकास येथे एक शब्दयोग ध्यानात येईल. आपण आगीच्या गाडीला 'बंब' म्हणतो, न्हाणीघरातील तांब्याच्या पाणी तापविण्याच्या भांड्यालाही 'बंब'च म्हणतो, आणि हा शब्द ज्या पोर्तुगीज 'बोंबा' शब्दावरून आला त्याचा अर्थ पंप असाच आहे. गेरिकेच्या प्रयोगात आगीचा बंब आणि तांब्याचे भांडे ही दोन्ही एकत्र आली, हा केवळ योगायोग; तथापि विद्यार्थ्याला ती प्रयोगमांडणी डोळ्यांसमोर उभी करण्यास तो उपयोगी पडतो.

गेरिकेने प्रथम लाकडी पिंप पाण्याने काठोकाठ भरले आणि तळाशी पिचकारी जोडून पाणी उपसू लागला. पाणी बाहेर पडेल आणि आत काहीच उरणार नाही, असा त्याचा तर्क. दट्ट्या ओढण्यास बळकट माणसे लावली. परंतु पाणी जसजसे निघू लागले तसतसा पिंपाच्या फळ्यांमधून पाणी उकळल्यासारखा आवाज येऊ लागला. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत घुसत होती. मग त्याने लहान पिंप मोठ्या पिंपात पाण्याखाली ठेवले. तेव्हा हवेऐवजी पाणीच पाझरून आत गेले, आणि त्या पाझराचा आवाज पक्ष्याच्या किलबिलीसारखा ऐकू येत राहिला. निर्वाताच्या इतिहासातील गळती शोधण्याची ही पहिली पद्धत म्हणावयास हरकत नाही : कान देणे. आजही अनुभवी परिचर नवी जोडणी झाल्यावर प्रथम फुसफुस ऐकतो.

लाकूड सोडून त्याने तांब्याचा गोल घेतला. यावेळी पाणी न भरता सरळ हवाच उपसावयास आरंभ केला. दोन माणसांना दट्ट्या ओढणे उत्तरोत्तर जड जाऊ लागले, हवा जवळजवळ संपली असे वाटले, आणि इतक्यात मोठा आवाज होऊन तो गोल हातात चुरगाळलेल्या कापडासारखा आत चेपला गेला. उपस्थितांची गाळण उडाली. गेरिकेने याचे कारण अचूक ओळखले : कारागिराने गोल पुरता गोल केला नव्हता. कोठेतरी एक बाजू सपाट राहिली आणि बाहेरच्या हवेने नेमकी तीच जागा धरली. पूर्ण गोलावर दाब सर्व बाजूंनी सारखा असल्याने त्याचे भाग कमानीच्या दगडांप्रमाणे परस्परांस आधार देतात. सपाट भागाला असा आधार नसतो. गेरिकेने दुसरा, नीट गोल असा पात्रगोल करवून घेतला आणि तो टिकला.

आमच्या पत्रकातील दुसरी सूचना अशी आहे की, निर्वातासाठी जाड काचेची, गोल बुडाची किंवा त्याच कामासाठी बनविलेली भांडीच वापरावीत. सपाट बुडाचा शंक्वाकृती चंबू जोडू नये. ओरखडा वा ताऱ्यासारखी चीर असलेले भांडे बाजूस काढावे. काचेला चिकटपट्टी गुंडाळावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. ही माग्डेबुर्गच्या त्या चेपलेल्या तांब्याचीच सूचना आहे. फरक इतकाच की तांबे चेपते, काच फुटते, आणि तिचे तुकडे प्रथम आत जाऊन मग समोरच्या माणसावर येतात. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल चंबूचे क्षेत्रफळ सुमारे १२५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे मेजावर शांतपणे बसलेल्या त्या चंबूवर सर्व बाजूंनी मिळून सव्वा टनाहून अधिक भार आहे. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची. पंप साधा असो वा अत्युत्तम, हा भार जवळजवळ तेवढाच राहतो. दाब ७६० मिलिमीटरवरून १० मिलिमीटरवर आणला की भाराचा नव्व्याण्णव टक्के भाग पडून चुकला. त्यापुढे कोट्यंशापर्यंत नेले तरी काचेला त्याची वार्ता नसते. म्हणून 'हा तर लहानसा पंप आहे' ही सबब निरर्थक ठरते.

माग्डेबुर्गचे दोन अर्धगोल आणि त्यांना विलग करू न शकलेले सोळा घोडे सर्वांस ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तकांतील ते चित्र १६७२ साली आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या गेरिकेच्या ग्रंथातून आले. या प्रदर्शनाची कीर्ती एवढी झाली की चेपलेला गोल मागे पडला. आमच्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीने चेपलेल्या गोलाचे महत्त्व घोड्यांहून अधिक आहे.

इंग्लंडात बॉइलसाठी रॉबर्ट हूक याने १६५९ च्या सुमारास जो पंप केला, त्याचे पात्र काचेचे होते, सुमारे ३० लिटर मावेल एवढे. आता आत काय घडते ते दिसू लागले. आणि त्याबरोबरच जोडांचा प्रश्न तीव्र झाला. दट्ट्याला चामडे, सांध्यांना लेपाचे लिंपण, आणि नळकांड्यात खाण्याचे तेल, अशी त्याची व्यवस्था. पंपातील तेल एकाच वेळी वंगणाचे आणि सांधा बुजविण्याचे काम करते, हा शोध तेव्हापासूनचा आहे, आणि आजच्या चक्री पंपातही तेलाची हीच दोन कामे आहेत. तरीही पंप गळत असे. टॉमस हॉब्ज याने १६६१ मध्ये बॉइलवर जो हल्ला चढविला त्यात, चामडे आणि नळकांडे यांच्यामधून हवा आत शिरते, तेव्हा हे पात्र रिकामे आहे असे म्हणताच येत नाही, हा एक मुद्दा होता. बॉइलने गळती नाकारली नाही. ती किती हे मोजून तिच्यासह निष्कर्ष काढले. नंतरच्या पंपात तर त्याने नळकांडे पाण्यातच बुडवून ठेवले.

शेपिन आणि शाफर या इतिहासकारांनी १९८५ साली बॉइल-हॉब्ज वादावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदविले आहे, ते आमच्यासारख्या सूचनापत्रकांच्या अनुवादकांनी उशाशी ठेवण्याजोगे आहे. बॉइलने पंपाचे वर्णन अत्यंत तपशिलाने, आकृतीसह छापले. तरीही १६६० च्या दशकात, दुसऱ्याचा चालू पंप प्रत्यक्ष न पाहता केवळ ते वर्णन वाचून कोणी पंप उभा केल्याचे आढळत नाही. हॉलंडच्या हायगेन्सने १६६१ मध्ये स्वतःचा पंप केला, परंतु तत्पूर्वी तो लंडनला जाऊन प्रयोग पाहून आला होता. लेखी सूचनेची मर्यादा इतकी जुनी आहे.

'गळती' या शब्दाने आम्हांलाही चकविले. पत्रकाच्या पहिल्या मराठी पाठात 'गळती तपासावी' असे वाक्य होते. दोन परिचरांना ते वाचावयास दिले, तेव्हा दोघेही वाकून पंपाखाली तेल सांडले आहे काय ते पाहू लागले. त्यांची यात काहीच चूक नव्हती. मराठीत गळणे हे आतून बाहेर, वरून खाली होते : छप्पर गळते, माठ गळतो, पाने गळतात. निर्वाताच्या मांडणीत गळती बाहेरून आत असते, आणि तिचा टिपूसही जमिनीवर पडत नाही. शेवटी 'हवा कोठून आत शिरते काय ते तपासावे' असे सरळ वाक्य घातले. शब्द वाढले, परंतु कर्ता योग्य जागी आला.

पुढील दोन शतकांचा वृत्तान्त येथे थोडक्यात आटोपतो. हॉक्सबीने अठराव्या शतकाच्या आरंभी दोन नळकांड्यांचा पंप रूढ केला. खरी झेप घेतली ती पाऱ्याने : बॉनच्या गाइसलरने १८५५ मध्ये दट्ट्याच काढून टाकून त्याची जागा पाऱ्याच्या स्तंभाला दिली, १८६५ मध्ये स्प्रेंगेलने अरुंद नळीतून पडणाऱ्या पाऱ्याच्या थेंबांमध्ये हवेचे कण पकडून खाली नेण्याची युक्ती काढली. क्रूक्सच्या नळ्या आणि एडिसनचा १८७९ चा दिवा ही याच पाऱ्याच्या पंपांची फळे होत. या पाऱ्याकडे आपणांस पुन्हा यावे लागेल.

रसायनशाळेत मात्र याच सुमारास एक अगदी साधा पंप घरोघरचा झाला. बुन्सेनने १८६८ च्या सुमारास गाळण जलद व्हावी म्हणून पाण्याच्या प्रवाहावर चालणारा पंप प्रचारात आणला. नळाला एक तोटी जोडावी, वेगाने पडणारे पाणी शेजारच्या नळीतील हवा आपल्याबरोबर घेऊन जाते. स्वस्त, फिरणारा भाग नाही, वीज नको. परंतु नळाचे पाणी मंदावले किंवा गेले की बाहेरची हवा ते पाणी उलट दिशेने गाळलेल्या द्रवात ढकलते. म्हणून पंप आणि चंबू यांच्यामध्ये एक रिकामी जाड बाटली ठेवण्याचा प्रघात पडला. उलट आलेले पाणी त्या बाटलीत थांबते. या बाटलीचे सारे शहाणपण तिच्या रिकामेपणात आहे, आणि म्हणूनच ती अनावश्यक समजून काढून टाकण्याचा मोह नव्या विद्यार्थ्यास होतो. आमच्या परिचराच्या प्रश्नाचे उत्तर या बाटलीपाशी प्रथम मिळाले. पाण्याचा पंप थांबला तेव्हा पाणी परत आले, आणि तेलाचा पंप थांबला तेव्हा तेल. ओढणारा दोन्ही वेळी कोणीच नव्हता. आत दाब कमी होता, बाहेर तो पूर्ववत् होता, आणि दोहोंमध्ये जे काही प्रवाही होते ते सरकले.

तेलाचा पंप फ्ल्यूसने १८९२ मध्ये केला. विकताना त्याला 'गेरिक' असे नाव दिले, ते माग्डेबुर्गच्या गेरिकेवरून. आजच्या चक्री पंपाचे श्रेय बव्हंशी वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञास जाते. १९०५ मध्ये त्याने पाऱ्याचा चक्री पंप जाहीर केला. काही वर्षांत तेलात फिरणाऱ्या पात्यांचा पंप केला. १९१५ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा विसरण पंप. लँगम्यूरने १९१६ मध्ये अमेरिकेत या शेवटच्या पंपास व्यवहार्य रूप दिले, आणि १९२८ मध्ये मँचेस्टरच्या बर्चने पाऱ्याच्या जागी अत्यल्प बाष्पदाबाची तेले योजिली. विसरण पंपात 'ओढणे' या क्रियापदाचा उरलासुरला आधारही जातो. तेथे वायूचे रेणू स्वतःच्या गतीने भटकत पंपाच्या तोंडाशी येतात आणि वाफेचा झोत त्यांना परत फिरू देत नाही. पंप हा ओढणारा नव्हे, दारावरचा राखणदार आहे. जो रेणू दाराशी आला नाही त्याला तो आणू शकत नाही. म्हणूनच पंप मांडणीच्या शक्य तितका जवळ आणि नळी आखूड व रुंद असावी, ही पत्रकातील सूचना.

दोन पंप एकामागे एक जोडल्यावर क्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. विसरण पंपाला उघड्या हवेत सोडता येत नाही. त्याच्यामागे चक्री पंप हवाच. प्रथम चक्री पंप, मग दाब पुरेसा उतरल्याची खात्री, मग थंड पाणी, मग तापक. आणि बंद करताना प्रथम तापक, मग तेल निवेपर्यंत प्रतीक्षा, आणि शेवटी चक्री पंप. हा क्रम चुकून तप्त तेलावर हवा आली तर तेल करपते, प्रसंगी पेट घेते. इंग्रजी पत्रकात या ठिकाणी 'अमुक करण्यापूर्वी तमुक केल्याची खात्री करा' अशी वाक्ये आहेत. त्यांत जे नंतर करावयाचे ते वाक्यात आधी येते. मराठीचे पूर्वकालवाचक धातुसाधित अशा वेळी मोठे उपकारक ठरते. 'चक्री पंप सुरू करून, दाब पाहून, पाणी सोडून, मग तापक लावावा' या वाक्यात शब्दांचा क्रम हाच कृतीचा क्रम आहे.

चक्री पंप थांबविण्याचा नियमही याच जातीचा. मांडणी आणि पंप यांच्यामधील तोटी बंद करून, पंप थांबवून, त्याच्या तोंडाशी लगेच हवा सोडावी. आता दोन्ही बाजूंस दाब सारखा; तेलाला कोठेही जाण्याचे कारण उरत नाही. नव्या पंपांत वीज गेल्यास आपोआप मिटणारी झडप असते, परंतु झडपेवर कचरा बसतो आणि ती अर्धवट मिटते. म्हणून हाताची तोटी असावीच. शिवाय, गेलेली वीज परत येते तेव्हा पंप कोणी समोर नसताना आपोआप सुरू होता कामा नये, अशी कळ बसविणे आवश्यक आहे. ही सूचना मूळ पत्रकात नव्हती. वीज क्वचित् जाते अशा देशात ते लिहिले गेले असावे. आम्ही ती घातली.

गेडेनेच १९३५ मध्ये आणखी एक चमत्कारिक वाटणारी युक्ती काढली. पाण्याची वा द्रावकाची वाफ पंपात दाबली गेली की तिचे द्रव होऊन ते तेलात मिसळते आणि तेल बिघडते. गेडेने दाबाच्या टप्प्यातच थोडी बाहेरची हवा सोडली, त्यामुळे वाफ द्रव होण्यापूर्वीच तिच्याबरोबर बाहेर पडू लागली. हवा काढणाऱ्या यंत्रात मुद्दाम हवा सोडावयाची, हे परिचरांना पटविणे जड जाईल असे वाटले होते. त्यांना ते लगेच पटले. विहिरीवरचा पंप सुरू करताना आधी त्यात पाणी ओततात, असे एकाने सांगितले. कारण वेगळे आहे, परंतु उपमा वाईट नाही.

वाफ पंपापर्यंत येऊच नये यासाठी मध्ये शीत सापळा ठेवतात. नळी द्रव नायट्रोजनात बुडविली की वाफ तेथेच गोठते. हा द्रव ठेवावयाचे दुहेरी भिंतीचे पात्र ड्यूअरने १८९२ मध्ये केले. त्याच्या दोन भिंतींमध्येही निर्वातच असतो. (याच ड्यूअरने पुढे नारळाच्या करवंटीचा कोळसा द्रव हवेने थंड करून उरलासुरला वायू टिपून घेतला. आपल्या किनाऱ्यावरील वाचकास हे ऐकून संतोष व्हावा.) येथला धोका बाहेरच्या हवेचाच आहे, परंतु वेष पालटून आलेला. नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशांवर, ऑक्सिजन उणे १८३ वर. म्हणजे सापळा थंड असताना त्यात हवा येत राहिली तर तिच्यातील ऑक्सिजन द्रव होऊन साठतो. पंप बंद असला तरी साठतो. कारण तेथे थंडपणा हाच पंप झालेला असतो. तळाशी फिकट निळसर द्रव दिसला तर तो ऑक्सिजन समजावा. सेंद्रिय द्रावकाशी वा तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो, आणि बंद नळीत तो तापू लागला तर सातशेहून अधिक पट फुगून काच फोडतो. म्हणून मांडणीतील हवा काढल्यावरच सापळा द्रवात बुडवावा, आणि तो थंड असताना मांडणी हवेला उघडी ठेवू नये. ऑक्सिजनचेच पंपन करावयाचे असेल तर साधे खनिज तेल वर्ज्य. त्यासाठी न पेटणारी फ्लुओरिनयुक्त तेले आहेत.

एवढे सर्व झाले तरी एक प्रश्न राहतो, आणि गेरिकेपासून पुढे अडीच शतके तो फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. आतून काढलेले जाते कोठे? भाषेने याही ठिकाणी घात केला. 'हवा काढून टाकली' म्हटले की ती संपली असे वाटते. वस्तुतः ती पंपाच्या दुसऱ्या तोंडातून खोलीत येते, आणि तिच्याबरोबर जे काही आत होते तेही येते.

या प्रश्नाचे उत्तर ज्याने स्वतःच्या शरीराने दिले तो आल्फ्रेड स्टॉक. बोरॉन आणि सिलिकॉन यांची हायड्रोजनसंयुगे हवेचा स्पर्श होताच पेटतात. ती अभ्यासण्यासाठी या जर्मन रसायनज्ञाने संपूर्ण निर्वातात काम करण्याची काचेची मांडणी विकसित केली. आजही ती पद्धत त्याची म्हणून ओळखली जाते. त्या मांडणीतील पंप पाऱ्याचे, दाबमापके पाऱ्याची, झडपादेखील पाऱ्याच्या. सुमारे पाव शतक त्याला डोकेदुखी, चक्कर, सर्दीचा त्रास, आणि सर्वांत दुःसह म्हणजे स्मरणशक्तीचा ऱ्हास यांनी ग्रासले होते. रासायनिक संयुगांच्या नावांत मूलद्रव्याचा ऑक्सिडीभवनांक रोमन अंकाने दाखविण्याची १९१९ ची पद्धती याच गृहस्थाची. नामकरणाची ही शिस्त ज्याने रसायनशास्त्राला दिली, त्याचीच स्मृती प्रयोगशाळेतील हवेने झिजत होती. कारण कळले तेव्हा त्याने ते लपविले नाही. १९२६ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर त्याने एका रसायनविषयक नियतकालिकात लेख लिहिला, त्यात स्वतःचीच व्यथा सविस्तर मांडली, आणि सहकाऱ्यांना बजावले. २० अंश तापमानास पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि फरशीच्या भेगेत गेलेले थेंब वर्षानुवर्षे तो पुरवीत राहतात.

मांडणीची रचना, मोजमापे, जोड, या सर्वांत स्टॉकइतका सावध प्रयोगकार विरळा. त्याचे सर्व लक्ष बाहेरची हवा आत येऊ नये याकडे होते, आणि आतला पारा बाहेर येत होता. पाऱ्याच्या पंपांची जागा आता बहुतांशी तेलाच्या, आणि बेकरने १९५८ मध्ये जाहीर केलेल्या अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पंपांनी घेतली आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये संमत झाला. परंतु पंपाच्या बाहेर पडणाऱ्या वाटेविषयीची सूचना कायम आहे. चक्री पंपाच्या तोंडातून तेलाचे सूक्ष्म धुके आणि सापळ्यातून निसटलेली वाफ येतेच. ती नळी खिडकीबाहेर किंवा धुराड्यात न्यावी, ती कधीही बुजू देऊ नये, आणि तिच्यात पाणी जमून परत पंपात येणार नाही असा तिचा उतार ठेवावा.

पट्ट्यावर जाळी, मोटारीला भूसंपर्क, पायाखाली रबर, तेलाची पातळी, या सूचनांना सांगण्याजोगा इतिहास नाही. त्या पाळाव्यात एवढेच.

मराठी पत्रक पूर्ण झाले तेव्हा ते त्या परिचरास वाचून दाखविले. 'पंप थांबविल्यावर बाहेरची हवा तेलाला मांडणीत ढकलते, म्हणून आधी तोटी बंद करून, पंप थांबवून, पंपात हवा सोडावी,' या वाक्याशी तो थांबला आणि म्हणाला, "मग 'थांबविल्यावर' कशाला, सर? 'थांबल्यावर' लिहा. लाइट गेली तर कोण थांबवतं?" प्रयोजक रूप काढून तेथे साधे रूप घातले. पत्रक आता पंपावरील भिंतीला, विजेच्या कळीशेजारी लावलेले आहे, आणि त्याखाली त्याने स्वतःच्या अक्षरात तोटी कोणत्या बाजूस फिरवावयाची त्याचा बाण काढला आहे.